उरलेला डोळा

मला दुपारी दिसायचं नाही आणि संध्याकाळी दिसायचं. हे कोणाला सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं, म्हणून सांगितलं नाही. लख्ख उन्हात हॉस्टेलच्या फाटकापाशी उभी राहिले की समोरचा नगर रस्ता दुधात बुडाल्यासारखा व्हायचा. ट्रक, कॉलेजच्या बस, आयटीवाल्यांना नेणाऱ्या पांढऱ्या गाड्या, सगळ्यांचा नुसता आवाज. दिवेलागणीला मात्र तोच रस्ता हळूहळू उमटायला लागायचा, कडा यायच्या, माणसांना तोंडं यायची.

मी शकुंतला गावंडे. वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. माहेर आर्वीचं, वर्धा जिल्ह्यातलं. लग्नानंतर पुण्यात आले, कारण मिस्टर हडपसरच्या एका कारखान्यात होते. पुढे कारखान्यानं माणसं कमी केली, त्यात ते घरी बसले, आणि थोड्याच वर्षांत गेले. मूलबाळ नाही. ही नोकरी राहायच्या खोलीसकट मिळाली, म्हणून धरली. मी आले तेव्हा हॉस्टेलच्या मागे ज्वारी होती. आता तिथे बारा-बारा मजल्यांच्या इमारती आहेत. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या बाबतीत एका डोळ्यादेखत.

कारण उजवा डोळा त्याआधीच गेलेला होता. आमच्या आईच्या घराण्यात पुष्कळांच्या डोळ्यांत जन्मापासून एक टिंब असतं, बाहुलीच्या मागे, भिंगाच्या पाठीला. लहानपणी त्याचं काही वाटत नाही. वय वाढतं तसं ते दाट होतं. माझ्या उजव्या डोळ्यातलं आधी दाटलं. चाळिशीच्या आत होते तेव्हा. माझा थोरला भाऊ मला नागपूरला घेऊन गेला. ऑपरेशन चालू असताना भिंगाच्या मागचा पातळ पडदा फाटला, मोतीबिंदूचे तुकडे डोळ्यात खोल पडले, मग सूज, मग दुसरं ऑपरेशन, आणि शेवटी त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं राहिलं. कोणाची चूक होती असं मला कोणी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

म्हणून डावा डोळा जायला लागला तेव्हा मी दोन वर्षं गप्प बसले. हे शहाणपणाचं नव्हतं. पण ज्याच्याकडे एकच डोळा उरलेला असतो, त्याला तो डॉक्टरच्या हातात द्यायची जी भीती वाटते, ती दोन डोळेवाल्यांना समजावता येत नाही.

डबा

मी गेले ते एका डब्यामुळे. यवतमाळची एक मुलगी आईबरोबर हॉस्टेलला राहायला आली होती. भर दुपार होती, दोघी दारात उभ्या, पाठीमागे ऊन. मी खोली, किल्ली, रात्री परत यायची वेळ, सगळं सांगत होते. बोलता बोलता ती मुलगी गप्प झाली. मग आईचा आवाज आला, अगदी हळू. "घेत नसन मॅडम. राहू दे."

"काय झालं?" मी म्हणाले.

"मॅडम, आई डबा देतेय," मुलगी म्हणाली. "मघापासून."

ती बाई माझ्यापुढे हात लांब करून उभी होती आणि मला हात दिसला नव्हता. मी घाईनं हात पुढे केला तो तिच्या मनगटावर आपटला. डब्यात करंज्या होत्या. त्या मी खाल्ल्या नाहीत, शिपायाला देऊन टाकल्या, आणि दुसऱ्या दिवशी बस पकडून शहरात डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेले.

फोटो

डॉ. सोहनी साठीच्या आसपासच्या. खास पुणेरी.

"कधीपासून दिसत नाहीये?"

"झाली दोनेक वर्षं."

"मग इतक्या लवकर कशाला आलात?"

त्यांनी उजव्या डोळ्यात बॅटरी मारली. नंतरचे प्रश्न त्यांनी वेगळ्या आवाजात विचारले. डाव्या डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब घातले, बाकावर बसवलं, आणि मग एका काळोख्या खोलीत नेलं. हनुवटी टेका, कपाळ पट्टीला लावा, पापणी मिटू नका. आत एक उजेडाची रेघ सरकत गेली. डोळ्याला काही लागलं नाही, कोणी हात लावला नाही. फोटो काढून झाला.

बाहुली मोठी झाली की माझ्यासारख्यांना टिंबाच्या कडेनं दिसतं. संध्याकाळी दिसायचं ते याचसाठी, आणि उन्हात बाहुली बारीक झाली की टिंब सगळी वाट अडवायचं. हे मला त्या दिवशी कळलं. मी वेडी नव्हते. त्या काळोख्या खोलीत कित्येक महिन्यांनी मला स्वच्छ दिसत होतं, आणि पहिल्यांदा काय दिसलं, तर पडद्यावर माझाच डोळा, आडवा कापल्यासारखा. काळ्यावर राखाडी कमान, तिच्याखाली फुगीर भिंग, आणि भिंगाच्या पाठीला मधोमध साबुदाण्यासारखा पांढरा गोळा.

"भिंग एका पिशवीत असतं," डॉक्टर म्हणाल्या. "द्राक्षाचं साल समजा. साल ठेवायचं, आतला गर काढायचा, आणि त्याच सालात नवं भिंग बसवायचं. झालं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आता इथे बघा. कडेला गर आणि साल यांच्यामध्ये काळी रेघ दिसतेय? म्हणजे तिथे चिकटलेलं नाही. ती रेघ मधे येऊन तुटते. तिथे साल नावाला आहे, किंवा नाहीच."

"म्हणजे याही डोळ्यात फाटणार."

"जन्मापासूनच तिथे भोक असेल कदाचित. आपण ते मोठं करतो की नाही, एवढाच प्रश्न आहे."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते, कारण ते कळल्यामुळेच मी टेबलावर चढू शकले. ऑपरेशनच्या मशीनमध्ये तीन गोष्टी कमीजास्त करता येतात. डोळ्यात पाणी किती जोरात येतं, गर किती जोरात ओढला जातो, आणि तो फोडणारी सुई किती थरथरते. चारचौघांना लावतात ते आकडे मला लावले असते तर पिशवी फुगून ते भोक उसवत गेलं असतं. फोटो बघून डॉक्टर हे सगळं आधीच खाली आणणार होत्या. पाण्याची पिचकारी मारून गर सुटा करायची रीत असते, ती माझ्यात वापरायचीच नव्हती. वेळ जास्त लागणार होता. आणि भोक निघालंच, तर नवं भिंग वेगळ्या जागी बसवायचं, तेही भिंग तयार ठेवायचं.

"दिसेल ना?" मी विचारलं.

"मी देव नाही. पण आंधळेपणानं आत शिरणार नाही, एवढं सांगते." मग कागदावर काहीतरी लिहीत म्हणाल्या, "बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"आज नाही, ते दिसतंय. ऑपरेशनच्या दिवशी कोण?"

आर्वीचा फोन

भावाला आम्ही सगळे भाऊच म्हणतो. शाळेतून निवृत्त झालेला, आर्वीलाच राहतो. नागपूरच्या त्या प्रकारानंतर आमचं येणंजाणं कमी होत गेलं. राखी पोस्टानं जायची, दिवाळीला फोन व्हायचा. माझी अशी समजूत होती की एका डोळ्याची, नवरा गेलेली बहीण गळ्यात पडेल याचं भाऊ-वहिनीला भय वाटत असावं.

"भाऊ, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करा लागते म्हणते डॉक्टरीण."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आयकून राह्यला ना?"

"कायले करतं?" तो म्हणाला.

"दिसत नाई म्हणून."

"संध्याकाळी दिसते ना? मंग?"

"भाऊ, वसुबारसले तू येशील का? दोन दिवस. कोणी तरी सोबत पाह्यजे म्हणते."

"दिवाळी आहे, शकू. घरी पाव्हणे येतीन." आणि मग एकदम, तोडून टाकल्यासारखं, "मी नाई येत. मले नको सांगू." फोन बंद.

मी पलंगावर बसून राहिले. दुखलं ते नकारानं नाही. "मले नको सांगू" या शब्दांनी दुखलं. जशी मी काही मागायला गेले होते आणि मागायच्या आतच दार लागलं.

ऑपरेशनची तारीख मी मुद्दाम दिवाळीच्या सुट्टीतली घेतली होती. हॉस्टेल रिकामं असणार, कोणाला कळणार नाही, मुली परत येईपर्यंत मी पुन्हा खुर्चीत. रेक्टरला दिसत नाही हे कॉलेजच्या कानावर गेलं असतं तर नोकरीबरोबर खोलीही गेली असती. मुली बॅगा ओढत निघाल्या. "मॅडम, हॅपी दिवाळी!" एकेक रिक्षा फाटकाबाहेर पडत होती आणि मी हात हलवत होते, कोणाला ते कळत नव्हतं. इतक्या वर्षांत इतक्या मुली या दारातून गेल्या, आणि हॉस्पिटलच्या बाकावर एक दिवस बसेल असं माणूस मला आठवत नव्हतं. फोनमधली नावं मी मोठ्या अक्षरांत करून पाहिली. दूधवाला, गॅस, मेस, प्लंबर, प्राचार्य.

शबानाताई

कॉलेजच्या ग्रंथालयात शबाना शेख म्हणून होत्या. पुण्याच्याच, कित्येक पिढ्या भवानी पेठेत राहिलेलं घर. मी रोज तिथे पेपर वाचायला जायची. आमचं इतक्या वर्षांचं बोलणं म्हणजे "आज ऊन आहे" आणि "हो ना". सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"शबानाताई, एक दिवस माझ्याबरोबर हॉस्पिटलात बसाल का?"

"कोणाचं काय आहे?"

"डोळा. माझा."

"कुठला?"

"आहे तोच."

त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. "तरीच. तुम्ही हल्ली पेपर उघडता, पण पान उलटत नाही."

"मग बोलला नाहीत कधी?"

"तुम्ही सांगितलं नाहीत, मी कशाला विचारू? पुण्यात राहतो ना आपण."

मी हसले. हसता हसता मला रडायला आलं, आणि त्यांनी शांतपणे त्यांचा रुमाल टेबलावरून माझ्याकडे सरकवला. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. "संध्याकाळपर्यंत थांबेन," त्या म्हणाल्या. "त्यापुढे मला जमणार नाही, आत्ताच सांगते." खोटा दिलासा न देणारं माणूस अशा वेळी फार बरं वाटतं.

टेबलावर

डाव्या भुवईच्या वर पेनानं खूण केली. हिरवा गाऊन, हिरवी टोपी. आम्ही सगळे पेशंट एका ओळीत बसलो होतो, सगळे सारखे दिसत होतो. दारापाशी मात्र एकेकाचं माणूस उभं राहायचं, कोणी चप्पल हातात घेऊन, कोणी आईची कर्णफुलं रुमालात बांधून. माझ्या बांगड्या शबानाताईंनी पर्समध्ये टाकल्या. "मोजून घ्या परत घेताना," म्हणाल्या.

डोळा बधिर करायच्या इंजेक्शनचं लिहीत नाही. ते सोसवतं, एवढं लक्षात ठेवा.

तोंडावर कापड, त्याला एक खिडकी, खिडकीत फक्त उजेड. मला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर कोणाला तरी मशीनवरचे आकडे वाचायला सांगत होत्या.

"अजून खाली."

"मॅडम, एवढं कमी?" एक तरुण आवाज.

"त्यांना घाई नाही. तुला आहे?"

मग मशीनचा आवाज सुरू झाला. बारीक, एकसुरी, मधूनमधून थांबणारा. भीती घालवायला लोक देवाचं नाव घेतात. मी हजेरी घ्यायला लागले. तळमजल्यापासून एकेक खोली, एकेक पलंग, एकेक नाव. पण मनात ज्या दारावर टकटक करावी ती खोली रिकामी. सगळ्या घरी गेलेल्या. मी कॉरिडॉरमधून चालत होते आणि कोणी 'प्रेझेंट मॅडम' म्हणत नव्हतं.

"थांब," डॉक्टर म्हणाल्या.

आवाज थांबला. खोलीत सगळेच थांबले. मला नागपूर आठवलं. तिथेही असंच सगळे एकदम गप्प झाले होते.

"आहे," त्या म्हणाल्या. "फोटोत होतं तिथेच." आणि मग माझ्या कानाजवळ येऊन, "शकुंतलाबाई, ऐकताय ना? भोक आहे. होतं तेवढंच आहे. हलू नका."

होतं तेवढंच आहे. मला आयुष्यात कोणी इतकं चांगलं काही सांगितलेलं नाही. काही तुटलेलं आहे हे मला माहीतच होतं. ते आणखी तुटत नाहीये, एवढंच मला ऐकायचं होतं. भिंग त्यांनी दुसरं घेतलं, पिशवीच्या पुढच्या काठावर टेकवून बसवलं. मी श्वास रोखून धरला होता, तो तरुण आवाज मला म्हणाला, "मावशी, श्वास घ्या." तेव्हा घेतला.

वॉर्ड

डाव्या डोळ्यावर पट्टी. उजव्याला दिव्याचा नुसता भास. म्हणजे मला संपूर्ण अंधार. मी एकटी आणि एकडोळी, म्हणून त्यांनी मला सकाळपर्यंत ठेवून घेतलं. शबानाताईंनी चमच्यानं उपमा भरवला, निघताना माझा हात धरून एकेका वस्तूवर नेला. हा तांब्या, ही घंटी, ही पलंगाची कड. "पडू नका," म्हणाल्या. "मला घरून पुन्हा सुट्टी नाही." त्यांच्या चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत मी ऐकत राहिले.

शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या. त्यांचे तीन मुलगे आले होते आणि आज आईपाशी कोण थांबणार यावरून भांडत होते. एकाची शिफ्ट, एकाची बायको माहेरी, एकानं मागच्या वेळी थांबून झालेलं. त्या बाई वैतागून म्हणत होत्या, "जा रे सगळे, मेले!" मला त्या भांडणाचा हेवा वाटला. कोणाच्या तरी डब्यातली मेथीची भाजी वॉर्डभर दरवळत होती.

"आजी, तुमचं कोण आहे?" त्यांतल्या एकानं विचारलं.

"येतील," मी म्हणाले.

सिस्टरनं बजावलं होतं, डोळ्यांत पाणी आणायचं नाही. ते कसं थांबवायचं, ते सांगितलं नव्हतं.

सकाळी डॉ. सोहनींनी पट्टी काढली. सगळं आधी पाण्याखाली असल्यासारखं हललं, मग बसलं.

"किती बोटं?"

"दोन. आणि एका नखाला शाई लागली आहे."

त्यांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या. "फार बघू नका लोकांकडे." पण वळताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो जरा जास्त वेळ राहिला.

थेंब

आता जे एकटे राहतात त्यांच्यासाठी. थेंब घालायला माणूस नसेल तर आडवं व्हा, आरशापुढे उभं राहून घालू नका, गालावर जातात. डॉक्टरांना विचारून बाटली गार जागी ठेवा, म्हणजे थेंब डोळ्यात पडला की बाहेर, ते गारव्यानं कळतं. दोन बाटल्या सारख्या दिसत असतील तर एकीला रबरबँड लावा. वाकायचं नसतं, म्हणून लागणाऱ्या वस्तू आधीच टेबलावर काढून ठेवा. माझ्या बाटलीचं टोपण पहिल्याच दिवशी खाटेखाली गेलं आणि कितीतरी दिवस तिथेच राहिलं. मी त्याच्याकडे बघायची.

डोक्यावरून पाणी घ्यायचं नव्हतं. त्या दिवाळीची पहिली आंघोळ मी मानेखालून केली. कपाळाला उटणं लावायलाही भीती वाटली. सबंध हॉस्टेलात मी आणि फाटकावरचा वॉचमन. समोरच्या नव्या इमारतींमधून फटाक्यांचे आवाज येत होते, गॅलऱ्यांमध्ये दिव्यांच्या माळा. मला त्या माळेतला एकेक दिवा सुटा दिसत होता. भर दुपारी मला नगर रस्त्यावरच्या पाट्या वाचता येत होत्या. दिसायला लागलं होतं, आणि बघायला माणूस नव्हतं.

आरशात पाहिलं तर दोन वर्षांत म्हातारी झालेली बाई. तिचं हे म्हातारं होणं मी पाहिलंच नव्हतं. खोलीत कोपऱ्याकोपऱ्यात धूळ, भिंतीवर तेलाचे हात. इतके दिवस मी या घाणीत राहत होते आणि मला वाटत होतं, खोली नीटनेटकी आहे. वाकायचं नसल्यामुळे झाडताही येत नव्हतं. त्या दिवसांत मला कोणी विचारलं असतं की ऑपरेशन चांगलं झालं का, तर मी हो म्हटलं असतं. कोणी विचारलं नाही. शबानाताई एकदा येऊन बांगड्या देऊन गेल्या. मोजायला लावल्या. चहा घेऊन गेल्या. त्या दिवशी मी दिवसभर कपबश्या धुतल्या नाहीत, दोन कप तसेच ठेवले.

भाऊबीज झाल्यावर वहिनीचा फोन आला.

"शकूबाई, डोळा कसा आहे?"

"चांगला आहे. तुम्हाला आज आठवण झाली?"

"रागावू नका वो. तुमच्या भावानं ऑपरेशनच्या दिवशी अन्नाले हात लावला नाई. सकाळपासून ओसरीवर बसून. फोन वाजला का दचकत. मी म्हटलं, लावा ना तुम्हीच. तं म्हणे, वाईट आयकाले मी लावू?" वहिनीनं आवाज बारीक केला. "आन् आणखी सांगू? त्यायले बी दुपारी दिसत नाई. सालभर झालं. पेपर संध्याकाळी वाचते आन् मले सांगते का दुपारी येळ नाई भेटत. निवृत्त माणूस."

मी फोन धरून उभीच राहिले. संध्याकाळी दिसते ना? असं तो म्हणाला होता. आणि मी त्याला संध्याकाळचं कधी सांगितलंच नव्हतं.

भाऊ

त्याला आणायला मला बरेच दिवस लागले. रोज फोन करायची. तो म्हणायचा, मले काही नाई झालं. शेवटी मी म्हटलं, "भाऊ, ऑपरेशन नको करू. फक्त फोटो काढू. डोळ्याले कोणी हात नाई लावत."

"फोटोत काय दिसते?"

"आत शिराच्या आंधी वाट कशी आहे, ते दिसते."

तो म्हणाला, "थंडी पडू दे. येतो."

आला. हातात संत्र्यांची पिशवी, डोक्याला मफलर. स्टेशनवर तो माझ्या दोन हातांवरून पुढे निघून गेला. मी हाक मारली तेव्हा भलत्याच बाजूला वळला.

काळोख्या खोलीत त्याची हनुवटी टेकणावर नीट राहीना. "काका, हलू नका," सिस्टर दोनदा म्हणाली. मी मागे जाऊन त्याच्या डोक्याला दोन्ही हात लावून धरलं, आई आमची वेणी घालताना धरायची तसं. केस किती विरळ झाले होते. उजेडाची रेघ सरकली, दोन्ही डोळ्यांचे फोटो झाले.

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. काळी रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती. "यांची पिशवी शाबूत दिसतेय. दोन्हीकडे. तरी मी आकडे खालीच ठेवणार, घराणं माहीत आहे आता मला."

भाऊ पडद्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "डॉक्टरीणबाई, हिच्या त्या डोळ्याच्या टायमाले हा फोटो काढला असता तं?"

त्यांनी चष्मा काढला. "तेव्हा असा फोटो काढायची सोय नव्हती. असती तर डोळा वाचला असता, की नसता, मी सांगू शकत नाही. पण ज्यानं ऑपरेशन केलं त्यालाही आत काय आहे ते माहीत नव्हतं, काका. तुम्हाला कुठून असणार?"

पुढच्या तारखेचं ठरवून आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. त्याच्या डोळ्यांत थेंब होते, उजेडाला तो डोळे बारीक करत होता. बाजूच्या खिडकीतून अकराचं ऊन आत आलं होतं.

"तू नाई म्हणत होती," तो म्हणाला.

"कायले?"

"नागपूरले. तू म्हणे नको, भाऊ, एक डोळा चांगला आहे माह्या, चालते. मीच नेलं तुले ओढून. मास्तर होतो, मले वाटे मले सारं समजते."

मी नको म्हणत होते, हे मी साफ विसरून गेले होते. खरंच आठवत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत राहिलं की मी त्यांना जड झाले. आणि तो तिकडे माझ्यासमोर यायचं टाळत होता, कारण आला की माझा डोळा दिसायचा.

"भाऊ, मले आठवत बी नाई," मी म्हणाले.

"मले आठवते."

आतून कोणाचं तरी नाव पुकारलं, एक म्हातारा उठून गेला. भाऊनं मफलर काढून मांडीवर ठेवला. मग त्यानं ते विचारलं जे इतक्या वर्षांत घरातल्या कोणी मला विचारलं नव्हतं.

"त्या डोळ्यानं काहीच नाई दिसत का तुले?"

"उजेड समजते."

"आत्ता समजून राह्यला?"

तो माझ्या उजव्या हाताला बसला होता, खिडकी आणि मी यांच्यामध्ये.

"आत्ता नाई," मी म्हणाले. "तू मधात आहे."

तो उठला. बाकाला चाचपत, माझ्या गुडघ्यांना वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला आणि बसला.

"आता?"

"आता आला," मी म्हणाले.